खालची अर्धी प्लेट

डॉक्टरांनी रिपोर्ट टेबलावर ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि आईला विचारलं, "काकू, आमच्या औषधांशिवाय घरी आणखी काही घेता का? काढा, झाडपाला, कुणी दिलेली पुडी?"

"छे हो," आई म्हणाली. "तुमच्याच गोळ्यांनी पोट भरतं माझं. वर आणखी काय घेऊ?"

एरवी आईच्या अशा बोलण्यावर डॉक्टर खळखळून हसायचे. आज हसले नाहीत. तेवढ्यावरूनच मिठूने खुर्ची टेबलाजवळ ओढली.

मिठू म्हणजे आईची एकुलती एक लेक. लहानपणी तोंडाला जरा म्हणून विश्रांती नसायची, म्हणून पडलेलं नाव. पस्तिशी आली तरी ते घरातून काही हललं नाही. ती एका संशोधन संस्थेत कामाला होती. झाडांची पानं, साली, मुळं आणायची, त्यांतली रसायनं वेगळी करायची आणि ती कॅन्सरच्या पेशींवर चालतात का ते पाहायचं, हे तिचं रोजचं काम. आणि नेमका तिच्याच आईला कॅन्सर. नातेवाईक तिच्याकडे अशा नजरेने बघायचे, जणू औषध तिच्या टेबलाच्या खणात पडलंय आणि ही बया कुलूप काही काढत नाही.

"सरळ सांगतो," डॉक्टर म्हणाले. "दोन डोसांत छातीतली गाठ निम्म्यावर आली, औषध लागू पडलंय. पण यकृताचे आकडे भलतेच वाढलेत. हे औषध शरीराबाहेर टाकायचं काम यकृताचंच. ते असं आजारी असताना तिसरा डोस दिला, तर औषधाचंच विष होईल."

"पण आकडे वाढले कशाने?" मिठूने विचारलं.

"तोच प्रश्न आहे. औषधाने वाढू शकतात, पण एवढे सहसा नाही. स्कॅनमध्ये यकृतावर एक पुसट डाग दिसतोय. आजार तिथे पोचला असेल तर हे औषध सोडून दुसरं धरावं लागेल, आणि दुसरं इतकं जोरदार नाही." त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "आज चार वाजता सुई घालून यकृताचा एक बारीक तुकडा काढू. त्यांचं रक्त नीट गोठत नाहीये, त्यामुळे आत रक्तस्राव व्हायची भीती आहे. पण दुसरं काहीच कारण सापडत नसेल, तर थांबूनही चालणार नाही."

आईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "घाला सुई," ती म्हणाली. "शिवणकामात जन्म गेला माझा. सुईला काय भ्यायचं?"

बाहेर बाकावर बाबा बसले होते, मांडीवर नेहमीचा निळा थर्मास. आईचा चहा त्यांना घरूनच आणायचा असे. दवाखान्यातला चहा म्हणजे भांडी विसळलेलं पाणी, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. आईला खाटेवर निजवल्यावर नर्सने बजावलं, आता सुई होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंबही नाही. बाबांनी विचारलं, "एक घोटसुद्धा नाही?" नर्स म्हणाली, "काका, थेंब म्हटलं मी. घोट थेंबापेक्षा मोठा असतो." बाबा थर्मास छातीशी धरून पुन्हा बाकावर जाऊन बसले. मिठूला त्यांची फार दया आली.

तिला थोडा वेळ संस्थेत जाऊन येणं भाग होतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या पेशींना ठरल्या वेळी खाऊ घालावं लागतं. कुणाची आई आजारी आहे म्हणून त्या थांबत नाहीत. संस्था दवाखान्यापासून दोन चौकांवर होती. ती चालत निघाली. चालताना डोक्यात एकच घोळ चालू होता. डाग की औषध? डाग की औषध?

संस्थेच्या फाटकाशी ती थबकली.

कुंपणाच्या भिंतीलगत झुडपांची एक रांग होती. मुद्दाम कुणी लावलेली नव्हे, आपोआप माजलेली, धुळीने भरलेली. ती निम्मी बोडकी झाली होती. पण गुरांनी ओरबाडावं तशी नाही. प्रत्येक फांदीवरचं एक पान सोडून एक पान काढलं होतं, धारदार पात्याने, तिरका काप देऊन, सगळे काप एकाच कोनात. झाड मरू नये याची काळजी घेणारा हात होता तो.

तिला तो हात ओळखीचा वाटला.

फाटकावरचा पहारेकरी हसून म्हणाला, "मॅडम, तुमचे बाबा आता रोजच भेटतात. सकाळी फिरायला येतात ना, तेव्हा पानं नेतात. म्हणाले, लेकीच्या कामाला लागतात."

मिठूला पेशींचा विसर पडला. ती आल्या पावली मागे फिरली, आणि मग चक्क धावतच सुटली.

आता हे झुडूप काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. प्रयोगशाळेत त्याला नाव नव्हतं, नंबर होता. सतरा. दोन वर्षं मिठूच्या हाताला यश नव्हतं. लांबलांबच्या रानांतून आणलेल्या पानांनी पेशींचं काही म्हणजे काही वाकडं होत नव्हतं. कंटाळून तिने एक दिवस फाटकावरच्याच झुडपाची पानं खुडली. त्यांचा अर्क प्लेटमध्ये घातला. प्लेट म्हणजे हाताच्या पंजाएवढी प्लास्टिकची बशी, तिला ओळीने बारीक बारीक खळगे. खळग्यांत पेशी असतात. शेवटी एक रंग टाकायचा. जिवंत पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या पिवळ्याच राहतात.

संस्थेतल्या मोठ्या मॅडमचा एक कडक नियम होता. वरच्या अर्ध्या प्लेटमध्ये कॅन्सरच्या पेशी, खालच्या अर्ध्या प्लेटमध्ये निरोगी यकृताच्या पेशी, आणि दोन्ही अर्ध्या नेहमी एकत्र वाचायच्या. "कॅन्सरच्या पेशी साबणाच्या पाण्यानेही मरतात," मॅडम म्हणायच्या. "त्यात काय मोठी मर्दुमकी? चांगल्या जगल्या का, ते सांग. वरची अर्धी दाखवायला आलीस तर दारातूनच परत पाठवीन."

सतराची प्लेट तिने उजेडात धरली आणि वरची अर्धी पिवळीधमक निघाली. मिठूला आकाश ठेंगणं झालं. पण खालची अर्धीही पिवळीच होती. किंबहुना वरच्यापेक्षा अंमळ जास्तच. म्हणजे झुडपात कदाचित औषध होतं, पण विष नक्की होतं, आणि एकातून दुसरं वेगळं काढायला वर्षं लागणार होती. निघालं तर निघालं.

हे तिला कळत होतं. पण आईचा पहिला डोस नुकताच झाला होता, घरात सुतकी शांतता होती, आणि तिला घरी काहीतरी चांगलं पाठवायचं होतं. तिने प्लेटचा फोटो काढला. खालची अर्धी चित्राचा विचका करत होती, ती बोटाने सरकवून कापून टाकली. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'पिवळं म्हणजे मेलेला कॅन्सर!' मावशीने टाळ्या पाठवल्या. बाबांनी काहीच पाठवलं नाही. पुढच्याच आठवड्यात ते तिचा विसरलेला डबा द्यायला संस्थेत आले, तेव्हा तिने फाटकावर फुशारकीने बोट दाखवलं होतं, "हेच ते, बाबा. आम्ही रानं पालथी घातली आणि हे आमच्या दारात!"

लहानपणी पोटात काही ठरायचं नाही तिच्या. मोठेपणी अर्धं पोटात ठेवायला शिकली, आणि नेमकं नको ते अर्धं ठेवलं.

बाबा बाकावर नव्हते. ती जिन्याकडे गेली तर ते जिन्यातल्या खिडकीशी उभे होते. जन्मभर कारखान्यात लोखंड कातायच्या लेथवर टर्नर म्हणून काम केलेला माणूस, केसाच्या जाडीचा फरक बोटाने सांगणारा. हातात थर्मास तसाच.

तिने तो घेतला, झाकण उघडलं. भिजलेल्या सुंभासारखा तो उग्र वास. तिच्या प्रयोगशाळेचा वास.

"बाबा, हे कधीपासून?"

बाबांनी कानावर हात ठेवले नाहीत. तेवढा तो माणूस सरळ. "तू झाड दाखवलंस ना, दुसऱ्याच दिवसापासून," ते म्हणाले. "आणि ओरडू नकोस. मी अंदाजपंचे दिलेलं नाही. पानं तोलून घेतो, पाणी मापून घेतो, निम्मं आटवतो. एका दिवसाचाही खंड नाही."

"मला विचारायचंत तरी!"

"विचारलं असतं तर दिलं असतंस?"

"नाही."

"म्हणूनच नाही विचारलं." त्यांचा आवाज चढला. "तुमचं संशोधन होईपर्यंत तिने वाट बघायची? आणि गाठ निम्मी झाली की नाही? झाली ना?"

"ती डोसांनी झाली, बाबा."

"कशावरून? दोन्ही एकदमच चालू होतं. डोसाने झाली की पानाने, तुला तरी कुठे ठाऊक आहे?"

 प्रश्न बिनतोड होता. अख्ख्या संस्थेत दिवसभर दुसरं काय चालतं, हाच प्रश्न नाही का? तिने वाद घातला नाही. मोबाइल काढला, मूळचा अख्खा फोटो शोधला आणि बाबांच्या हातात दिला.

बाबांनी तो डोळ्यांजवळ धरला. अंगठ्याने मोठा केला, लहान केला. "हे खालचं काय आहे?"

"खालच्या चांगल्या पेशी आहेत. यकृताच्या."

"त्याही पिवळ्या आहेत."

"हो."

"आम्हाला पाठवलास त्यात हे नव्हतं."

"नव्हतं," मिठू म्हणाली. "मी कापलं होतं."

बाबा मटकन पायरीवर बसले. ते रागावले असते, हात उगारला असता तरी तिला चाललं असतं. ते नुसते आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिले. त्या हातांनी जन्मात एकही माप चुकवलं नव्हतं.

वरून नर्सची हाक आली. आईला न्यायला माणसं आली होती. मिठू वळली तशी बाबांनी तिचा हात पकडला. "मिठू, ऐक. तुझ्या आईला मी एक..."

"नंतर, बाबा!" ती म्हणाली आणि थर्मास घेऊन पळाली.

आईची ढकलगाडी सुईच्या खोलीच्या दारात पोचली होती. डॉक्टर हातमोजे चढवत होते. आतल्या टेबलावर हिरव्या कापडावर ती सुई दिसत होती, चांगली वीतभर. मिठूला धाप लागली होती.

"डॉक्टर, थांबा. आई काढा घेतेय. महिन्यापेक्षा जास्त झालं. यकृताला बाधणारं झाड आहे ते."

डॉक्टर वळले. "काकू?"

"कसला काढा?" आई म्हणाली. "हिचं काही ऐकू नका. रात्रभर डोळ्याला डोळा नाही पोरीच्या, काहीबाही बरळतेय."

मिठूने थर्मास वर धरला. "आई, थर्मास माझ्या हातात आहे!"

"चहा आहे तो."

"काकू," डॉक्टर शांतपणे म्हणाले, "तुम्ही खरंच काही घेत असाल तर मी ही सुई घालणार नाही. घेत नसाल तर आत्ता घालावी लागेल. नीट विचार करून सांगा."

"शपथेवर सांगते, काही घेत नाही. घाला तुम्ही सुई."

आणि तिने चादरीखालून मिठूचं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. मिठूने वाकून बघितलं. आईच्या डोळ्यांत भीती होती, पण सुईची नव्हे. ती कानाशी पुटपुटली, "गप्प बस ना, वेडे. बाबांनी सगळं सांगितलंय मला. संस्थेतून चोरून पाठवतेस हे बाहेर पडलं तर नोकरी जाईल तुझी. मी नाही हो कुणाला ताकास तूर लागू देणार."

तर जिन्यात बाबांना हे सांगायचं होतं.

 आईने आजवर एकेक कडू घोट घेतला होता तो लेकीने पाठवलाय म्हणून. आणि आता यकृतात सुई घालून घ्यायला निघाली होती तीही लेकीची नोकरी वाचावी म्हणून. खरं न सांगता हे मिटवायचा मार्ग तिला क्षणभर दिसला. 'हो आई, मीच पाठवत होते, पण आता थांबवू या' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. आईचं मन राहिलं असतं. पण पुन्हा अर्धंच दाखवायचं?

"आई," ती मोठ्याने म्हणाली, डॉक्टरांना, नर्सला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "ते मी पाठवलेलं नाही. मी कधीच पाठवलं नसतं. फाटकावरचं झुडूप आहे ते, बाबा तोडून आणतात." तिने मोबाइल आईसमोर धरला. "हा अख्खा फोटो. वरच्या पेशी कॅन्सरच्या, त्या मेल्या. खालच्या चांगल्या, यकृताच्या. त्याही मेल्या. मी खालचा भाग कापून तुम्हाला पाठवला."

आईने फोटो पाहिला. "का कापलास?"

"छान दिसत नव्हता म्हणून."

दारात बाबा येऊन उभे होते. डॉक्टरांचा संयम सुटला. "सुशिक्षित घर ना हे?" ते कडाडले. "आज दोनदा विचारलं मी!" मग त्यांनी मोजे काढले, सुई झाकायला सांगितली आणि बाबांकडे वळून कोरडेपणाने विचारलं, "किती देत होता?" बाबांनी पानांचं वजन सांगितलं, पाण्याचं माप सांगितलं, वेळ सांगितली. त्यांच्याइतका नेमका जबाब त्या दवाखान्यात कुणी दिला नसेल. डॉक्टर ऐकता ऐकता निवळले. "आजपासून बंद. आठवडाभर रोज रक्त तपासू. आकडे उतरले तर कारण सापडलं. नाही उतरले तर सुई आहेच."

गाडी खोलीकडे परत निघाली. मिठू शेजारून चालत होती. आई छताकडे बघत होती.

"म्हणजे तू पाठवलंच नव्हतंस?" तिने विचारलं.

"नाही, आई."

"फार कडू असायचं गं. उलटी दाबून धरायचे मी. म्हणायचे, पोरगी समोर बसून दोन शब्द बोलत नाही, सदा कामात, पण रोज सकाळी न चुकता आठवण ठेवते." तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. "ते बाबाच होते होय?"

मिठू रडली. तिथेच, चालत्या गाडीची कड धरून, नर्सच्या देखत.

तो आठवडा कसा गेला ते ज्याचं त्याला ठाऊक. पहिले दोन दिवस आकडे आणखी चढले. तेव्हा बाबांनी जेवण सोडलं, आणि ते सोडलेलं कळताच आईने त्यांच्याशी धरलेला अबोला सोडला. तिसऱ्या दिवशी आकडे जिथल्या तिथे राहिले. चौथ्या दिवशी किंचित उतरले आणि मग उतरतच गेले. डाग होता तसाच होता. डॉक्टर म्हणाले, त्याच्यावर नजर ठेवू, आज त्याबद्दल काही बोलत नाही. ते तसं म्हणाले हे मिठूला बरं वाटलं.

तिसऱ्या डोसाच्या दिवशी ती रजा टाकून आईजवळ बसली. बाबा पलीकडे खुर्चीवर होते, हात रिकामे, त्यामुळे त्यांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. नर्सने सलाइनच्या दांडीला औषधाची बाटली टांगली. आईने तिच्याकडे निरखून पाहिलं.

"हे तरी कशाचं असतं गं?"

"हेही मूळचं झाडाचंच, आई. एका झाडाच्या सालीत सापडलं."

नर्स नळी जोडायला पुढे झाली. आईने हात मागे घेतला.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि मिठूकडे वळली. "याची खालची अर्धी आधी सांग."

मिठूने सांगितलं. केस गेलेत ते यानेच. बोटांना मुंग्या येतील, कदाचित कायमच्या राहतील. रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतील, साधा तापही जिवावर बेतू शकेल. काही जणांना चालतं, काही जणांना काही काळ चालून मग चालेनासं होतं. तुझ्या बाबतीत पुढे काय होईल, ते मला माहीत नाही. हे शेवटचंही तिने सांगितलं.

आईने सगळं ऐकून घेतलं. मग बाबांना म्हणाली, "ऐकलंत ना? नंतर हे कशाने झालं म्हणून मला विचारत बसू नका." आणि तिने नर्सपुढे हात केला.